जुन्या आणि नव्या संगणकांसाठी बूटेबल पेन ड्राइव्ह तयार करताना

पेन ड्राइव्ह बूटेबल, म्हणजे संगणक त्यावरून सुरू होईल असा, करण्यासाठी कोणता प्रोग्राम घ्यावा, असे बहुतेक जण आधी विचारतात. त्याआधी विचारायला हवा असा प्रश्न वेगळा आहे : हा पेन ड्राइव्ह ज्या संगणकाला लावायचा आहे, तो संगणक सुरू होताच त्यावर नेमके काय शोधणार आहे? याचे उत्तर हाती असले, तर कोणत्याही चांगल्या प्रोग्रामने काम होते; ते नसले, तर त्याच पेन ड्राइव्हवर तीन-तीनदा लिहूनही पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ एवढेच उमटते आणि दोष चांगल्या पेन ड्राइव्हला दिला जातो. म्हणून येथे कृतीकडे वळण्यापूर्वी संगणकाची ओळख करून घेऊ.

संगणक सुरू होताना काय शोधतो

जुनी पद्धत बायोसची, म्हणजे मदरबोर्डवर बसवलेल्या, संगणक सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामची. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पर्सनल कॉम्प्युटरपासून ती चालत आली आहे. बायोसला फाइल, फोल्डर किंवा फॉरमॅट यांतले काहीही समजत नाही. तो डिस्कचा अगदी पहिला सेक्टर, म्हणजे ५१२ बाइट, मेमरीत उचलून घेतो आणि त्याच्या शेवटच्या दोन बाइटांत ठरलेली खूण असली की त्या सेक्टरातील सूचना चालवू लागतो. या सेक्टरला मास्टर बूट रेकॉर्ड, थोडक्यात एमबीआर, म्हणतात. पार्टिशनचा, म्हणजे डिस्कच्या भागांचा, चार नोंदींचा तक्ताही त्यातच असतो. यावरून एक गोष्ट उघड होते : आयएसओ फाइलमधील, म्हणजे इन्स्टॉलरची संपूर्ण डिस्क एकाच फाइलमध्ये साठवलेल्या प्रतीमधील, सर्व फाइली पेन ड्राइव्हवर नुसत्या कॉपी केल्या, तर बायोसच्या दृष्टीने तो पेन ड्राइव्ह रिकामाच राहतो, कारण पहिल्या सेक्टरात सूचना लिहिण्याचे काम कोणीच केलेले नसते. ते काम रूफससारखा प्रोग्राम करतो.

नवी पद्धत यूईएफआयची, म्हणजे बायोसच्या जागी आलेल्या नव्या प्रोग्रामची. तिला फॅट३२ प्रकारचे (फाइली साठवण्याच्या एका फॉरमॅटचे) पार्टिशन वाचता येते आणि त्यावर ती एका ठरावीक जागी ठरावीक नावाची फाइल शोधते : ‘ईएफआय’ नावाचे फोल्डर, त्याच्या आत ‘बूट’ नावाचे फोल्डर आणि त्यात ‘बूटएक्स६४’ या नावाची, ‘ईएफआय’ हेच एक्स्टेन्शन असलेली फाइल. पहिल्या सेक्टरातील सूचनांशी तिला काही कर्तव्य नसते. त्यामुळे नव्या संगणकासाठी अनेकदा कोणताही प्रोग्राम लागत नाही. पेन ड्राइव्ह फॅट३२मध्ये फॉरमॅट करावा, आयएसओ फाइल उघडून तिच्यातील सारे काही त्यावर कॉपी करावे, एवढे पुरते. हे अनेकांना खरे वाटत नाही, पण एकदा स्वतः करून पाहिले की यूईएफआयचे कामकाज कायमचे लक्षात राहते.

या दोहोंच्या मध्ये संगणकांची एक मोठी पिढी आहे. साधारणपणे २०१०च्या आसपासपासून पुढे कित्येक वर्षे आलेल्या मदरबोर्डांवर यूईएफआय असते, पण ‘सीएसएम’ किंवा ‘लीगसी’ या नावाच्या सोयीमुळे ते बायोससारखेही वागू शकतात. अशा संगणकाच्या बूट मेनूमध्ये, म्हणजे कशावरून सुरू व्हायचे ते विचारणाऱ्या यादीत, एकच पेन ड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नावाआधी ‘यूईएफआय’ असे लिहिलेला आणि एकदा नुसता. या दोन ओळी म्हणजे दोन वेगळे मार्ग आहेत, आणि कोणता निवडला यावर पुढचे सारे इन्स्टॉलेशन अवलंबून असते. आपल्या प्लॅटफॉर्मवरून ही लीगसी सोय २०२०पर्यंत काढून टाकण्याचा मनोदय इंटेलने २०१७ साली जाहीर केला होता, आणि आजच्या पुष्कळ लॅपटॉपांत ती खरोखरच नसते. त्यांच्यासाठी यूईएफआयचा मार्ग हाच एकमेव मार्ग आहे.

समोरचा संगणक कोणत्या पद्धतीने सुरू होतो हे विंडोजमध्ये पाहणे सोपे आहे. विंडोजचे बटण आणि आर एकत्र दाबून उघडणाऱ्या चौकटीत ‘एमएसइन्फो३२’ टाइप केले की सिस्टिमच्या माहितीत ‘बायोस मोड’ या ओळीपुढे लीगसी किंवा यूईएफआय असे लिहिलेले दिसते. लिनक्समध्ये ‘सिस’ फोल्डरातील ‘फर्मवेअर’मध्ये ‘ईएफआय’ नावाचे फोल्डर आहे का ते पाहावे. असेल तर यूईएफआय. मात्र या दोन्ही ठिकाणी सध्याची सिस्टिम कशी सुरू झाली एवढेच कळते. तेथे लीगसी दिसले म्हणून संगणकात यूईएफआय नाहीच असे ठरत नाही. बायोस किंवा यूईएफआयच्या सेटिंग पानावर जाऊन एकदा खात्री करून घ्यावी.

प्रोसेसर ३२ बिटांचा आहे की ६४ बिटांचा, हेही याच वेळी पाहून ठेवावे. ६४ बिटांच्या प्रोसेसरवर ३२ बिटांची सिस्टिम चालते, उलटे चालत नाही. एक चमत्कारिक प्रकार मात्र आवर्जून सांगितला पाहिजे. इंटेलच्या ॲटम प्रोसेसरवर चालणारे काही स्वस्त टॅब्लेट आणि छोटे लॅपटॉप असे आहेत की ज्यांचा प्रोसेसर ६४ बिटांचा, पण यूईएफआय ३२ बिटांचे आहे. ते ‘बूटएक्स६४’ फाइलकडे पाहतही नाहीत. त्यांना ‘बूटआयए३२’ या नावाची फाइल हवी असते. नेहमीचा ६४ बिटांचा पेन ड्राइव्ह त्यांच्या बूट मेनूमध्ये दिसतच नाही आणि लोक पोर्ट खराब झाला असे समजतात. डेबियनच्या ६४ बिटांच्या इन्स्टॉलरमध्ये ही दुसरी फाइलही दिलेली असते, म्हणून अशा यंत्रांसाठी मी प्रथम डेबियनच सुचवतो.

कोणती आयएसओ घ्यावी

विंडोज ११ केवळ ६४ बिटांची आहे आणि तिला अधिकृतपणे यूईएफआय, सिक्युअर बूटची (केवळ सही केलेले बूट प्रोग्राम चालू देणाऱ्या सोयीची) क्षमता, टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, ४ जीबी मेमरी आणि ६४ जीबी डिस्क लागते. यांतील काही तपासण्या टाळून ती जुन्या संगणकावर बसवण्याच्या युक्त्या आहेत, रूफसमध्येही तशी सोय आहे. पण २४एच२ या आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये एसएसई४.२ आणि पॉपसीएनटी या सूचना असणे सक्तीचे झाले, आणि त्या नसतील तर कोणतीही युक्ती चालत नाही, कारण सिस्टिम सुरूच होत नाही. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे जुना, पण धडधाकट संगणक इंटरनेटसाठी वापरात ठेवायचा असेल, तर त्यावर एखादे हलके लिनक्स बसवावे असे माझे स्पष्ट मत आहे. तेथेही वयाची अट आहेच : उबुंटूने १७.१०पासून ३२ बिटांची डेस्कटॉप आयएसओ देणे बंद केले, आणि डेबियनमध्ये ३२ बिटांचा इन्स्टॉलर मिळालेली शेवटची आवृत्ती १२वी होय. २०२५ साली आलेल्या १३व्या आवृत्तीत तो नाही.

आयएसओ फाइल त्या त्या सिस्टिमच्या अधिकृत जागेवरूनच उतरवावी आणि लिहिण्यापूर्वी तिचा एसएचए-२५६ आकडा, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेली तिची ओळखखूण, जुळवून पाहावा. विंडोजमध्ये ‘सर्टयूटिल’ ही आज्ञा ‘हॅशफाइल’ या पर्यायासह, शेवटी ‘एसएचए२५६’ लिहून, आणि लिनक्समध्ये ‘एसएचए२५६सम’ ही आज्ञा वापरली की ६४ चिन्हांची एक ओळ मिळते. ती प्रकाशित केलेल्या ओळीशी तंतोतंत जुळली पाहिजे. या कामाला एखादे मिनिट लागते. अर्धवट उतरलेल्या फाइलपासून तयार केलेला पेन ड्राइव्ह बहुधा सुरू होतो, निम्मे इन्स्टॉलेशन करतो आणि जुनी सिस्टिम पुसली गेल्यानंतर थांबतो, म्हणून ही पायरी मी कधीही वगळत नाही.

पेन ड्राइव्हवर लिहिणे

विंडोजसाठी ८ जीबी किंवा अधिक क्षमतेचा पेन ड्राइव्ह लागतो. बहुतेक लिनक्ससाठीही ८ जीबी पुरतात. लिहिताना त्यावरील सर्व माहिती पुसली जाते. त्याहून मोठा धोका असा की घाईत भलताच ड्राइव्ह निवडला जाऊ शकतो. यावर खात्रीचा उपाय एकच : काम सुरू करण्यापूर्वी बाकीच्या सर्व बाह्य डिस्क आणि मेमरी कार्डे काढून ठेवावीत आणि निवडलेल्या ड्राइव्हचा आकार हातातील पेन ड्राइव्हशी जुळतो का ते पाहावे.

विंडोजवर रूफस हा माझ्या पसंतीचा प्रोग्राम आहे. त्यात डिव्हाइस आणि आयएसओ निवडल्यानंतर ‘पार्टिशन स्कीम’ आणि ‘टार्गेट सिस्टिम’ या दोन चौकटींकडे नीट लक्ष द्यावे. विंडोजची आयएसओ असेल आणि नवा संगणक असेल तर जीपीटी (एमबीआरच्या जागी आलेला पार्टिशनचा नवा तक्ता) निवडावे, शेजारी यूईएफआय आपोआप येते. केवळ बायोस असलेल्या जुन्या संगणकासाठी एमबीआर निवडावे. लिनक्सच्या बहुतेक आयएसओंसाठी एमबीआर ठेवले की तोच पेन ड्राइव्ह दोन्ही पद्धतींनी सुरू होतो. ‘स्टार्ट’ दाबल्यावर लिनक्सच्या बाबतीत रूफस विचारतो की आयएसओ पद्धतीने (फाइली कॉपी करून) लिहायचे की डीडी पद्धतीने (आयएसओ जशीच्या तशी उतरवून). आधी आयएसओ पद्धत निवडावी आणि तसा पेन ड्राइव्ह सुरू झाला नाही तरच डीडीकडे वळावे. रूफसच्या चौथ्या मालिकेला विंडोज ८ किंवा त्यापुढची सिस्टिम लागते. हाताशी केवळ विंडोज ७चा संगणक असेल तर ३.२२ ही आवृत्ती घ्यावी.

येथे एका अडचणीवर थोडे थांबले पाहिजे, कारण नव्या संगणकांवर फसलेल्या पेन ड्राइव्हांपैकी पुष्कळांचे मूळ तिच्यात असते. फॅट३२मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असू शकत नाही. विंडोजच्या आयएसओमधील ‘सोर्सेस’ फोल्डरात ‘इन्स्टॉल’ नावाची, ‘डब्ल्यूआयएम’ एक्स्टेन्शन असलेली फाइल असते, आणि अलीकडच्या आवृत्त्यांत ती ही मर्यादा ओलांडते. म्हणजे यूईएफआयला हवे फॅट३२ आणि फाइलला हवे एनटीएफएस हे विंडोजचे फॉरमॅट, असा पेच पडतो. तो सोडवण्याचे तीन मार्ग आहेत. मायक्रोसॉफ्टचे मीडिया क्रिएशन टूल याच फाइलचे अधिक दाबलेले ‘ईएसडी’ रूप वापरते, ते फॅट३२मध्ये मावते. रूफस मोठे पार्टिशन एनटीएफएसमध्ये करून शेवटी एक अगदी लहान पार्टिशन जोडतो; यूईएफआय ते लहान पार्टिशन वाचते आणि तेथील प्रोग्राम एनटीएफएसचा भाग उघडून देतो. बूट मेनूमध्ये अशा वेळी पेन ड्राइव्हची दोन पार्टिशने वेगवेगळी दिसली, तर ती चूक समजू नये. तिसरा मार्ग हाताने करायचा : विंडोजच्या ‘डिस्म’ या आज्ञेने ‘स्प्लिट-इमेज’ पर्याय वापरून त्या फाइलचे ३८०० एमबीचे तुकडे करावेत, त्यांना ‘एसडब्ल्यूएम’ एक्स्टेन्शन द्यावे आणि मूळ फाइलच्या जागी ते ठेवावेत. विंडोजचा सेटअप ते तुकडे आपणहून ओळखतो. माझ्या अनुभवात हा पेन ड्राइव्ह सर्वांत कमी कुरकुर करतो, कारण संपूर्ण ड्राइव्ह साधा फॅट३२ असतो.

लिनक्सवर काम करणाऱ्यांना ‘डीडी’ ही आज्ञा परिचित असते. तिला मूळ आयएसओ आणि ज्यावर लिहायचे तो ड्राइव्ह, अशा दोन गोष्टी सांगाव्या लागतात. ड्राइव्हचे नाव आधी ‘एलएसबीएलके’ने पाहून घ्यावे आणि ते संपूर्ण ड्राइव्हचे द्यावे, त्यावरील पार्टिशनचे देऊ नये, म्हणजे ‘एसडीबी’ असे लिहावे, ‘एसडीबी१’ असे लिहू नये. ब्लॉकचा आकार ४ एमबी ठेवला तर वेग बरा मिळतो, आणि ‘एफसिंक’चा पर्याय जोडल्यास शेवटचा बाइट खरोखर ड्राइव्हवर पोहोचल्याशिवाय आज्ञा संपत नाही. ही पद्धत लिनक्सच्या आयएसओंना चालते, कारण त्या डिस्क आणि सीडी अशा दोन्ही रूपांत वाचता येतील अशा रीतीने बांधलेल्या असतात. विंडोजची आयएसओ तशी नसते. ती डीडीने जशीच्या तशी उतरवली तर पेन ड्राइव्ह बूट होत नाही. डीडीने लिहिलेला लिनक्सचा ड्राइव्ह विंडोजला लावल्यास ‘फॉरमॅट करायचे का’ असे विचारले जाते. तेथे नकार द्यावा.

ज्यांना सतत वेगवेगळ्या संगणकांवर काम करावे लागते, त्यांनी व्हेंटॉय पाहावे. ते एकदा पेन ड्राइव्हवर बसवले की त्यावर आयएसओ फाइली साध्या कॉपी करायच्या. सुरू होताना त्यांची यादी पुढे येते आणि हवी ती निवडता येते. बायोस आणि यूईएफआय दोन्ही त्यावरून चालतात. सिक्युअर बूट चालू असलेल्या संगणकावर पहिल्या वेळी निळ्या पडद्यावर व्हेंटॉयची किल्ली नोंदवावी लागते. फार जुन्या संगणकासाठी मात्र लहान क्षमतेचाच पेन ड्राइव्ह घ्यावा, कारण काही जुन्या बायोसना १३७ जीबीच्या पलीकडचा भाग वाचता येत नाही आणि व्हेंटॉयचे स्वतःचे ३२ एमबीचे पार्टिशन नेमके ड्राइव्हच्या शेवटी असते.

संगणक त्यावरून सुरू करणे

नव्या विंडोज लॅपटॉपची डिस्क बहुधा बिटलॉकर या विंडोजच्या सोयीने एन्क्रिप्ट (कुलूपबंद) केलेली असते, आणि ते मालकाच्या ध्यानीमनीही नसते. फर्मवेअरमधील, म्हणजे बायोस किंवा यूईएफआयमधील, सेटिंग बदलताच पुढच्या वेळी ४८ अंकांची रिकव्हरी की मागितली जाते. डिस्कवरील माहिती ठेवायची असेल, तर ती की आधी मिळवून कागदावर उतरवून घ्यावी. याबाबत हयगय करू नये. की नसेल तर ती माहिती परत मिळत नाही.

बूट मेनूसाठी डेल आणि लेनोव्होच्या बहुतेक संगणकांवर एफ१२, एचपीवर एफ९, असुसच्या लॅपटॉपांवर एस्केप ही बटणे चालतात. एसरवरही एफ१२ आहे, पण अनेकदा तो मेनू आधी सेटिंग पानावर चालू करावा लागतो. बटण दाबायला वेळच मिळत नसेल, तर विंडोजमध्ये शिफ्ट दाबून धरून ‘रीस्टार्ट’ करावे आणि पुढे येणाऱ्या निळ्या पानावरून ‘यूज अ डिव्हाइस’ निवडावे.

जुन्या संगणकावर पेन ड्राइव्ह यूएसबी २.० पोर्टलाच लावावा. विंडोज ७च्या मूळ इन्स्टॉलरमध्ये यूएसबी ३.०चे ड्रायव्हर नाहीत. त्यामुळे निळ्या पोर्टवरून सेटअप सुरू तर होतो, पण पुढे ड्रायव्हर मागत बसतो आणि माउसही चालत नाही. त्याहून जुन्या बायोसमध्ये यूएसबी-एचडीडी, यूएसबी-झिप, यूएसबी-एफडीडी असे पर्याय दिसतात. त्यांतील यूएसबी-एचडीडी निवडावा. काही मदरबोर्डांवर पेन ड्राइव्ह हार्ड डिस्कच्या यादीत आत दडलेला असतो, तेथे त्याला पहिल्या क्रमांकावर आणावे लागते. यूएसबीवरून सुरू होण्याची सोयच नसलेल्या संगणकात सीडीवरून प्लॉप बूट मॅनेजर सुरू करून त्याच्या मेनूतून यूएसबी निवडता येते.

नव्या संगणकावर पहिला अडथळा सिक्युअर बूटचा. विंडोज आणि प्रमुख लिनक्स त्याच्यासह चालतात, म्हणून ते बंद करण्याची घाई करू नये. परंतु ‘एसबॅट’चा उल्लेख असलेला ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ हा संदेश आला, तर पेन ड्राइव्हवरील लिनक्सचा बूटलोडर जुना आहे असे समजावे. ऑगस्ट २०२४च्या विंडोज अपडेटनंतर कपाटात ठेवलेले अनेक जुने इन्स्टॉलर याच कारणाने नाकारले जाऊ लागले. उपाय म्हणजे त्याच लिनक्सची ताजी आयएसओ लिहून घेणे.

दुसरा अडथळा असा की विंडोजचा सेटअप सुरू होतो, पण त्याला एकही डिस्क दिसत नाही. इंटेलच्या ११व्या पिढीपासून अनेक लॅपटॉपांत ‘व्हीएमडी’ ही इंटेलची डिस्क हाताळण्याची सोय चालू असते आणि इन्स्टॉलरकडे तिचा ड्रायव्हर नसतो. लॅपटॉपच्या उत्पादकाकडून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घेऊन, तो उलगडून पेन ड्राइव्हवर एका फोल्डरात आधीच ठेवावा आणि ‘लोड ड्रायव्हर’मधून तो दाखवावा.

तिसरी गोष्ट मधल्या पिढीतील संगणकांवर हमखास घडते. निवडलेल्या डिस्कवर एमबीआर असल्याने विंडोज बसवता येत नाही, असा संदेश येतो, किंवा जीपीटीबद्दल तसाच येतो. लोक घाबरून डिस्क पुसतात. तसे करण्याची गरज बहुधा नसते : आपण चुकीच्या मार्गाने सुरुवात केलेली असते. संगणक पुन्हा सुरू करून बूट मेनूमधील पेन ड्राइव्हची दुसरी ओळ निवडावी. एमबीआर डिस्कसाठी नुसती, जीपीटी डिस्कसाठी ‘यूईएफआय’ लिहिलेली. त्यासाठी पेन ड्राइव्हही त्या मार्गाने सुरू होणारा हवा. केवळ जीपीटी आणि यूईएफआयसाठी लिहिलेला असेल, तर तो एमबीआर निवडून पुन्हा लिहावा लागेल. चालू विंडोज १० यूईएफआयवर न्यायची असेल, तर १७०३ या आवृत्तीपासून ‘एमबीआर२जीपीटी’ ही आज्ञा माहिती न पुसता डिस्कची रचना बदलते, तरीही बॅकअप आधी घ्यावाच.

इन्स्टॉलेशनमध्ये पहिल्यांदा रीस्टार्ट होताना पेन ड्राइव्ह काढून घ्यावा, नाहीतर सेटअप पुन्हा पहिल्या पानापासून सुरू होतो. काम झाल्यावर तोच पेन ड्राइव्ह नेहमीच्या वापरासाठी हवा असेल आणि विंडोजमध्ये त्याचा आकार अगदी लहान दिसत असेल, तर ‘डिस्कपार्ट’ उघडावे, ‘लिस्ट डिस्क’ने यादी पाहावी, आकारावरून ओळखून ‘सिलेक्ट डिस्क’ने त्याचा क्रमांक निवडावा, तो क्रमांक पुन्हा एकदा ताडून पाहावा आणि मगच ‘क्लीन’ लिहावे. त्यानंतर डिस्क मॅनेजमेंटमधून नवे पार्टिशन केले की पूर्ण जागा परत मिळते.